सिंधू कोण करणार, ते आधी सांगा

मागच्या महिन्यात फोन आला, "ताई, रविवारी संगीत नाटक आहे, नक्की यायचंय." मी लगेच विचारलं, कुठलं नाटक? "सौभद्र नाहीतर संशयकल्लोळ, दोन दिवसांत फायनल होईल." बरं, करतंय कोण? सुभद्रा कोण, कृष्ण कोण, ऑर्गनवर कोण? "पुण्याची मंडळी आहेत ताई, छानच असणार, तुम्ही या तर खरं."

फोन करणारा मुलगा अगदी मनापासून राबणारा आहे, त्याला मी नावं ठेवत नाही, हॉलसाठी फेऱ्या तोच मारतो, मंडळींच्या जेवणाखाणाचं तोच बघतो, कार्यक्रम संपल्यावर खुर्च्यासुद्धा तोच आवरतो. पण फोन ठेवल्यावर मला जाणवलं की आपल्या बडोद्यात संगीत नाटकाचं जे काही बिनसलंय ते या दोन मिनिटांच्या बोलण्यात सगळं आलं. नाटक कुठलं ते ठरलेलं नाही, गाणार कोण ते माहीत नाही, आणि मी मात्र नक्की यायचं.

गेली कित्येक वर्षं आपण म्हणतोय की संगीत नाटकाचा प्रेक्षक संपला. मला ते पटत नाही. आपण प्रेक्षकाला वाट बघायला काही दिलंच नाही, असं माझं मत आहे. नाटक कुठलं, कुठली भूमिका कोण करतंय, साथीला कोण, हे सहा महिने आधी सांगा, आणि एखादं तरी नाटक असं घ्या जे आज पन्नाशीच्या आत असलेल्या कुणीही रंगमंचावर बघितलेलं नाही, मग बघा लोक येतात की नाही.

माझी भाची म्युनिकला असते, काम सॉफ्टवेअरचं, पण तिथे जाऊन तिला ऑपेराचा नाद लागला. तिथल्या ऑपेराच्या पुढच्या सीझनचा कार्यक्रम काही महिने आधीच जाहीर होतो, आणि जाहीर म्हणजे नुसती नावं नाहीत, कुठल्या तारखेला कुठली ऑपेरा, कंडक्टर कोण, दिग्दर्शक कोण आणि प्रत्येक भूमिका कोण गाणार, अगदी दोन ओळी गाणाऱ्या दासीचंसुद्धा नाव. ही पोरगी तो कार्यक्रम घेऊन बसते आणि पेन्सिलीने खुणा करते. गेल्या वेळी मी व्हिडिओ कॉलवर बघत होते, तिने खूण केली ती एका अशा ऑपेरावर जी तिने कधी ऐकलेलीच नव्हती. मी म्हटलं, अगं मग कशाला? ती म्हणाली, "मावशी, ही परत कधी होईल सांगता येत नाही, म्हणूनच तर जायचंय." आणि प्रयोगाला सात-आठ महिने होते, तेवढ्यात तिने जुनं रेकॉर्डिंग शोधलं, संहिता भाषांतरातून वाचली, कोण गाणारी आहे तिचं दुसरं काम ऐकलं. म्हणजे पडदा उघडेल तेव्हा ती अर्धं नाटक मनात घेऊन बसलेली असणार. आपण नेमकं उलटं बोलतो ना, "हे नाटक लोकांना माहीत नाही, कोण येणार?" तिकडे तेच तर येण्याचं कारण आहे.

आणि हे परदेशातलं कौतुक आहे, आपल्याकडे असं नसतं, असं कुणी म्हणू नका. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त मानापमान झालं, नायक धैर्यधर केशवराव भोसले, नायिका भामिनी बालगंधर्व. मानापमान तेव्हा दहा वर्षांचं जुनं नाटक होतं, १९११ चं, पदं लोकांना तोंडपाठ होती, गोष्टीत काय होणार ते सगळ्यांना ठाऊक होतं. लोक आले ते फक्त कास्टिंगसाठी, दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे दोन गळे एका रंगमंचावर ऐकायला. केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेले, म्हणून त्या रात्रीची गोष्ट आजपर्यंत घराघरात सांगितली जाते. कुणाच्या वाट्याला कुठली भूमिका जाते यावर नाटकाचा जीव असतो हे आपल्या पणजोबांना पक्कं माहीत होतं, रात्र रात्र त्यावर वाद घालायचे ते.

बडोद्याने तर याबाबतीत मान खाली घालायचं काही कारणच नाही. भाऊराव कोल्हटकर, किर्लोस्करांची सुभद्रा, ते आपल्या बडोद्याचे. सरकारी खात्यात कारकुनी करणारा पोरगा, त्याचा आवाज ऐकला आणि किर्लोस्कर नाटक मंडळीने त्याला उचलून नेलं, आणि १८८२ पासून पुढे लोक सौभद्र बघायला म्हणजे भाऊरावांना ऐकायला जायला लागले. भास्करबुवा बखले बडोदे संस्थानातल्या कठोरचे, लहानपणी त्याच किर्लोस्कर मंडळीत रामराज्यवियोगमध्ये कैकेयी करायचे, आणि पुढे १९१६ मध्ये स्वयंवरच्या चाली त्यांनी दिल्या. मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ ची, सूरसागरच्या काठावरच्या त्या इमारतीवरून आपण रोज स्कूटर घेऊन जातो. गंधर्व नाटक मंडळीला सयाजीराव महाराजांचा आश्रय होता. आणि या सगळ्याच्या वर एक गोष्ट, जी मी भेटेल त्याला सांगत असते, की एकच प्याला या नाटकाचा पहिला प्रयोग बडोद्यात झाला. २० फेब्रुवारी १९१९.

या तारखेवर जरा थांबा. गडकरी २३ जानेवारीला गेले होते. म्हणजे लेखकाला जाऊन महिना पण झाला नव्हता. पदं गडकऱ्यांची नव्हतीच, ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहून दिली. नायिका सिंधू बालगंधर्व, तिचा नवरा सुधाकर गणपतराव बोडस. बालगंधर्व म्हणजे शालू, दागिने, अत्तर, आणि तो माणूस इथे दारुड्याची बायको होऊन जात्यावर बसला. त्या दिवशी त्या थिएटरमध्ये बसलेल्या बडोदेकरांनी काय काय ऐकलेलं असेल आधी, काय काय कुजबुज झाली असेल रावपुऱ्यात आणि मांडवीत, याचा विचार केला तरी मला आतून हलल्यासारखं होतं. २०१९ मध्ये या प्रयोगाला शंभर वर्षं झाली. मी वाट बघितली. पूर्ण नाटक, पाचही अंक, सगळ्या पदांसकट, मला इथे बघायला मिळालं नाही. आजपर्यंत मिळालेलं नाही.

मिळतं काय तर नाट्यगीतांची संध्याकाळ. निवेदक दोन पदांच्या मध्ये आठवणी सांगतो, गायिका खुर्चीवर बसून सात-आठ पदं म्हणते, वन्समोअर होतो, साडेनऊला सगळे घरी. मी पण जाते, टाळ्या पण वाजवते, गाणाऱ्यांबद्दल काहीच तक्रार नाही. पण "कशि या त्यजू पदाला" हे पद सिंधू कधी म्हणते? नवरा पुरता बुडालाय, माहेरची माणसं तिला घेऊन जायला आलीत, आणि ती नाही म्हणते. समोर ती माणसं उभी असताना, त्यांच्या डोळ्यात बघून ते पद यायला पाहिजे. खुर्चीवरून आलं की ती एक सुंदर चीज होते, बस. माझ्या शेजारी बसलेल्या कॉलेजच्या मुलीने विचारलं होतं, "आंटी, हे लव्ह साँग आहे का?" तिची काहीच चूक नाही. तिला नाटक कुणी दाखवलंच नाही.

आता एक प्रसंग सांगते, कुणी केलं ते सांगणार नाही कारण नाव महत्त्वाचं नाही, असं बऱ्याच ठिकाणी होतं. दोन वर्षांपूर्वी एका संगीत नाटकाचं पोस्टर लागलं, त्यावर एका चांगल्या गायिकेचा मोठा फोटो. आम्ही घरातले सहा जण तिकिटं काढून गेलो, माझे पंच्याऐंशीचे काका व्हीलचेअरवर. पडदा उघडायच्या आधी माइकवर सांगितलं की काही अपरिहार्य कारणाने त्या येऊ शकलेल्या नाहीत. ठीक आहे, माणूस आजारी पडू शकतं. पडदा उघडला, पाच जण हात जोडून उभे, नांदी सुरू झाली. पट्टी, म्हणजे ज्या सुरावर सा धरायचा तो, नव्या मुलीसाठी लावलेली, पेटीवरची काळी चार. बाकीचे चौघं पुरुष, काळी एकला गाणारे. पहिली ओळ कशीबशी निभली, दुसरी वरच्या सप्तकात गेली आणि चौघांपैकी तिघांचे नुसते ओठ हलत होते, एक जण खाली उतरला तर त्याचा आवाज तिसऱ्या रांगेतसुद्धा येईना. ऑर्गनच्या जागी कीबोर्ड होता. ऑर्गन वाजवणारा पायाने हवा भरतो, गाणारी श्वासाला थांबली की तोही भाता सांभाळतो, आवाज किंचित खाली नेतो, परत उचलतो. कीबोर्डवाला बिचारा चांगला वाजवत होता पण त्याचा सूर सगळा एका पातळीवर, श्वासच नाही त्याला. दुसऱ्या अंकातला एक अख्खा प्रवेश गायब, कारण त्या मुलीला तो माहीतच नव्हता.

मध्यंतरात मी आत गेले. ती मुलगी कोपऱ्यात बसून तोंडावरचा घाम टिपत होती, बावीस-तेवीस वर्षांची असेल. मला म्हणाली, "मावशी, मला परवा रात्री सांगितलं हो." आणि तरी तिने निभावून नेलं होतं! काका परत येताना गाडीत काहीच बोलले नाहीत, घरी आल्यावर एवढंच म्हणाले की पोरीचा गळा चांगला आहे.

ऑपेरावाल्यांकडे यावर उपाय आहे, त्याला ते कव्हर म्हणतात. मुख्य भूमिकेसाठी दुसरी गायिका पहिल्या दिवसापासून तयार असते, तालमी करते, तिला पैसे मिळतात, आणि मुख्य गायिकेचा घसा बसला तर ती उभी राहते. कित्येक मोठ्या गायकांची नावं लोकांना अशीच एका रात्रीत कळली. आपल्याकडे बदली हा शब्दच अपमानाचा झालाय. मला वाटतं हँडबिलावर छापा की सिंधू अमुक, आणि तिची बदली तमुक, दोघींची तालीम झालेली आहे. बदलीला एक पूर्ण प्रयोग हक्काचा द्या. मग लोक मुद्दाम तिच्या प्रयोगाला येतील, दोघींची तुलना करतील, घरी जाऊन भांडतील. भांडायलाच पाहिजेत.

आणि कास्टिंग पट्टीपासून सुरू करा हो. ऑपेरात आवाजाची जात आधी बघतात, बायकांत उंच सोप्रानो की खालचा मेझो, पुरुषांत उंच टेनर की खालचा बॅरिटोन, आणि त्यातही हलका की भारी, मग चेहरा आणि नाव. आपल्याकडे टीव्हीवर कोण आलंय ते आधी बघतात. एकच प्याल्याची सिंधू करायला बालगंधर्वांच्या हरकती तंतोतंत उचलणारी बाई नको मला. नक्कल ऐकायला रेकॉर्ड आहेत. मला अशी मुलगी पाहिजे जी काळी चारला मोकळी गाते, जिला जात्यावर बसून गाताना दम लागला तर तो दम लपवायची घाई नाही, आणि जी गद्य बोलते तेव्हा गायिका वाटत नाही. सुधाकरला तर गळा नकोच, नट पाहिजे, खणखणीत नट, बोडसांची ती भूमिका अभिनयावर उभी होती. सुधाकरला दारूला लावणारा तो तळीराम, तो करणारा माणूस हसवेल ते सोपं आहे, पण हसता हसता प्रेक्षकाच्या पोटात गोळा आला पाहिजे. हे सगळं ठरवायला वेळ लागतो. रविवारच्या नाटकाचं गुरुवारी फायनल करून हे होत नाही.

आता न होणाऱ्या नाटकांबद्दल, कारण हा माझा खरा जिव्हाळ्याचा विषय आहे.

अल्फानो नावाचा एक इटालियन संगीतकार होता. ऑपेराच्या लोकांना तो माहीत असतो तो पुचिनीची अपुरी राहिलेली तुरांदोत पूर्ण करणारा म्हणून, जिच्या पहिल्या प्रयोगाला, १९२६ मध्ये मिलानला, कंडक्टर तोस्कानिनीने पुचिनीचं लिखाण जिथे संपतं तिथेच बॅटन खाली ठेवलं आणि प्रयोग थांबवला. पण याच अल्फानोने स्वतःची एक ऑपेरा लिहिली होती, शकुंतला. हो, आपली कालिदासाची शकुंतला. १९२१ मध्ये बोलोन्याला पहिला प्रयोग झाला. दुसऱ्या महायुद्धात प्रकाशकाच्या संग्रहावर बॉम्ब पडले आणि सगळे समजले की तिची स्वरलिपी जळाली. म्हाताऱ्या अल्फानोने हाताशी उरलेल्यावरून वाद्यवृंद परत लिहून काढला, १९५२ मध्ये ती परत उभी केली. आणि मग २००५ च्या सुमाराला मूळ प्रत त्याच संग्रहात सापडली आणि पुढच्या वर्षी रोममध्ये मूळ रूपात प्रयोग झाला. एका ऑपेरासाठी केवढा हा आटापिटा, आणि ती काही फार लोकप्रिय पण नव्हे.

आपली शकुंतला कुठे आहे? अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात संगीत शाकुंतलचे पहिले चार अंक केले, तिथून संगीत नाटक सुरू झालं असं आपण शाळेत शिकतो. दोनशेच्या वर पदं आहेत त्यात. हरवलेलं नाही, जळालेलं नाही, पुस्तक छापलेलं आहे, कितीतरी चाली अजून लोकांच्या गळ्यात आहेत. मला अशी पाच माणसं दाखवा ज्यांनी ते रंगमंचावर पूर्ण बघितलंय. अण्णासाहेबांचंच रामराज्यवियोग तुरांदोतसारखंच अपुरं राहिलं, तीन अंक, १८८५ मध्ये ते गेले. ते तीन अंक तेवढेच करा की, जिथे लिखाण संपतं तिथे दिवे घालवा. कैकेयीला कुठल्या चाली दिल्या होत्या ते पोरांना कळेल. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचं वीरतनय आहे, १८९६ चं, पारशी रंगभूमीच्या चाली मराठीत आणणारं, ते ऐकलं तर आज गुजरातेत राहणाऱ्या मराठी माणसाला त्यातलं अर्धं ओळखीचं वाटेल. खाडिलकरांचं द्रौपदी आहे. वझेबुवांच्या चालींचं संन्यस्त खड्ग आहे, सावरकरांचं, १९३१ चं. इंदूरवाल्यांना शारदा आहे, तिचा पहिला प्रयोग १८९९ मध्ये त्यांच्याच गावात झालाय, त्यांनी ती आपली म्हणून दर दोन-तीन वर्षांनी करावी असं मला फार वाटतं.

आपण मात्र फिरून फिरून सौभद्र, संशयकल्लोळ, कट्यार, मत्स्यगंधा. चांगलीच नाटकं आहेत, माझी आवडती आहेत. पण रोज वरणभात खाणाऱ्याला भाजी आवडत नाही असं तुम्ही वाढल्याशिवाय कसं ठरवता?

खर्चाचं विचाराल तर मला त्याचं उत्तर आयर्लंडमध्ये सापडलं. वेक्सफर्ड नावाचं समुद्राकाठचं गाव, आजसुद्धा वस्ती वीसेक हजार. तिथल्या एका डॉक्टरने, टॉम वॉल्शने, १९५१ मध्ये काही ऑपेरावेड्या दोस्तांना घेऊन उत्सव सुरू केला, पहिली ऑपेरा होती बाल्फची रोझ ऑफ कॅस्टील, जी तेव्हा कुणी करत नव्हतं. पुढे त्यांनी नेमच केला की दर शरद ऋतूत इथे दुर्मिळ ऑपेराच करायच्या. आज जगभरची माणसं त्या गावाला जातात. ला बोहेम बघायला कोण जाणार तिथे, ती घराजवळ मिळते. वेक्सफर्डला जायचं कारण हेच की जे कुठे होत नाही ते तिथे होतं. आमचं बडोदं केवढं आहे! गांधी नगरगृह आहे, अकोट्याचं सयाजीराव नगरगृह आहे, सूरसागरला संगीत-नाट्य शिकवणारं अख्खं कॉलेज आहे, तबलेवाले, गाणारे, नेपथ्यवाले सगळे तिथे तयार होतात. २०१८ मध्ये ९१ वं साहित्य संमेलन इथे झालं तेव्हा आपण मांडव भरून दाखवला ना? वर्षाला चार बरेवाईट कार्यक्रम करण्याऐवजी दोन करा, त्यातला एक तरी असा करा की सुरत-अहमदाबादहूनच काय, पुण्याहून माणसं गाडी पकडून आली पाहिजेत.

भाषेचं म्हणतात. पोरांना ते जुनं मराठी कळत नाही. खरं आहे, माझ्या मुलाला "दहति बहु मना" चा अर्थ सांगावा लागला, तो गुजराती मीडियमचा. पण ऑपेरावाल्यांना ही अडचण आपल्यापेक्षा जास्त होती, इटालियन ऑपेरा, प्रेक्षक इंग्रजी. १९८३ मध्ये टोरांटोच्या ऑपेरा कंपनीने रंगमंचाच्या वर भाषांतराच्या ओळी दाखवायला सुरुवात केली, आधी केवढी ओरड झाली की लक्ष विचलित होतं, आता सगळीकडे ते असतं. आपल्याकडे एक प्रोजेक्टर आणि एक पांढरी पट्टी लागते, वर गुजराती लिपीत अर्थ. गुजराती का ते सांगते.

आमच्या वरच्या मजल्यावर एक बा राहतात, सत्तरीच्या. मागच्या पावसाळ्यात आम्ही चार-पाच जणी आमच्या गॅलरीत एकच प्याला वाचत होतो, नुसतं वाचन, जमेल तिथे पद म्हणायचं. बा जिन्यात भाजी निवडत बसल्या होत्या. तिसऱ्या अंकापर्यंत येऊन आम्ही थांबलो, उशीर झाला होता. बा वरून म्हणाल्या, "पछी शुं थयुं?" म्हणजे मग काय झालं? मी म्हटलं, बा, तुम्हाला काय कळलं? त्यांनी मला त्यांच्या गुजरातीत सिंधूची सगळी गोष्ट सांगितली, सुधाकर पहिला पेला का घेतो ते पण. बडोद्यात राहून त्यांना मराठी कानाने कळतं, वाचता येत नाही. पुढच्या आठवड्यात त्या आपली खुर्ची घेऊन आल्या. नाटक आपलं एकट्या मराठी माणसाचं आहे असं आपण धरून बसलोय, आणि तीन फुटांवर जिन्यात प्रेक्षक बसलाय.

आणखी एक गोष्ट टाळून चालणार नाही. माझी मैत्रीण, जिच्या मताला मी मान देते, ती म्हणते की एकच प्याला आज करूच नये, मारणाऱ्या नवऱ्याला न सोडणारी बाई आदर्श म्हणून दाखवायची, कशासाठी? तिचं म्हणणं मला लागतं. मला स्वतःला सिंधूचा राग येतो. शेवटी तान्हं मूल जातं, ती जाते, तरी ती नवऱ्याला झाकते. पण न करणं हे उत्तर आहे असं मला वाटत नाही. परदेशात मादाम बटरफ्लाय अजून करतात, अमेरिकन ऑफिसर सोडून जातो त्या जपानी मुलीची ऑपेरा, आणि आजचे दिग्दर्शक त्या ऑफिसरला सुटू देत नाहीत, प्रेक्षकाला त्याच्याकडे बघायला लावतात. एकच प्याल्यातही गीता आहे, तळीरामाची बायको, ती नवऱ्याबद्दल फाडफाड बोलते, तिला जरा पुढे आणा. सिंधू गात असताना उजेड सुधाकरवर ठेवा. हे दिग्दर्शकाचं काम आहे आणि ते करायला दिग्दर्शक लागतो, नुसतं बसवून घेणारा नाही. आणि दारूबंदीच्या राज्यात राहून दारूने घर कसं जातं हे आपल्याला ठाऊक नाही असं कुणी म्हणू नये, आपल्या प्रत्येकाच्या नात्यात एक घर असतं.

लांबी कापा, हरकत नाही. पाच अंकांचे तीन तास करा. पण काय कापलं ते हँडबिलात लिहा, कुठली पदं गेली ते सांगा. भाची सांगते की जर्मन लोक वॅग्नरच्या ऑपेराला पाच पाच तास बसतात. मी काही बडोदेकरांना पाच तास बसा म्हणत नाही, पण अडीच तासांत चार पदं आणि बाकी विनोद, असं करून त्याला संगीत नाटक म्हणू नका.

तर मला मंडळांकडून काय हवंय ते साधं आहे. दिवाळी झाली की पुढच्या वर्षाची दोन नाटकं जाहीर करा. तारखेसकट. कोण कुठल्या भूमिकेत, बदली कोण, ऑर्गन कोण, तबला कोण, दिग्दर्शक कोण. सगळे बाहेरून आणू नका, मुख्य दोन भूमिका बाहेरच्या घ्या हवं तर, बाकी इथल्या पोरांना द्या, कॉलेजमधून घ्या, त्यांचे आईबाप, मामा, शेजारी सगळे येतात. तालमीतली एक संध्याकाळ लोकांसाठी उघडी ठेवा. त्या नाटकाचं वाचन तीन महिने आधी वाचनालयात ठेवा, म्हणजे ज्याला गोष्ट माहीत नाही तो तयार होऊन येईल. आणि कास्ट बदलली तर त्याच दिवशी सांगा, पैसे परत मागणाऱ्याला परत द्या. तिकीट महाग ठेवलंत तरी मी काढेन, माझ्यासारखे बरेच काढतील, पण कशाचं तिकीट काढतोय ते आम्हाला माहीत पाहिजे.

सुरुवातीला फोनचं सांगितलं, त्या मुलाला मी हे सगळं परवा बसवून सांगितलं. चहा थंड झाला तरी तो ऐकत होता. म्हणाला, ताई, पण २० फेब्रुवारीला हॉल मिळेल का, लग्नाचा सीझन असतो. मी म्हटलं सोमवारी आपण दोघं जाऊन विचारू. सूरसागरच्या कॉलेजमधली एक मुलगी आहे, काळी चारला गाते, गद्य अजून जरा शाळेतल्यासारखं बोलते पण ऐकून घेते, ती या गुरुवारी आमच्या गॅलरीत वाचनाला येणार आहे. चौथा अंक आहे. बांनी आधीच विचारून ठेवलंय, नवी सिंधू कोण येणार म्हणून.